फक्त एसटीने कोकण किनारा, पाठीवर सॅक टाकून (खान्देशकरांसाठी धागा)

तापीकाठचा (चोपडा)

रामराम मंडळी. दिवाळी झाली की आपल्याकडे कोकणाचे बेत सुरू होतात आणि दरवेळी तेच, आधी गाडी ठरवा, मग ड्रायव्हर, मग सात-आठ जण जमवा, त्यातले दोघं आदल्या रात्री फोन करून नाही म्हणतात आणि सगळं बारगळतं. म्हणून हा धागा. गाडी नको, ग्रुप नको, एक सॅक घ्यायची आणि लाल गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने खाली खाली उतरत जायचं, हे अगदी सहज होतं आणि मला वाटतं कोकण बघायची याच्याइतकी चांगली रीत दुसरी नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपण सपाटीवरची माणसं, जळगाव ते धुळे म्हटलं की सरळ रस्ता, किलोमीटर बघितले की वेळ कळते. किनाऱ्यावर तसं चालत नाही, तिथे मधे खाड्या आहेत. हरिहरेश्वरच्या बाजूने समोर बाणकोटचा किनारा दिसतो, मधे सावित्रीची खाडी, पण रस्त्याने जायचं तर पार आत जाऊन मोठा वळसा पडतो. म्हणून प्लॅन करताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि खाड्या मोजा. रायगडपासून रत्नागिरीपर्यंत फेरीबोटीच्या चार जागा तोंडपाठ करा: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. तुम्ही अलीकडे एसटीतून उतरायचं, बोटीने पलीकडे जायचं, तिथे दुसऱ्या डेपोची गाडी धरायची, सगळी सहल या चार उड्यांवर उभी आहे. बोटीत चारचाक्या चढतात म्हणून लोकांना वाटतं ती गाडीवाल्यांसाठीच, पण पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ असतं आणि वरच्या डेकवरून खाडीचं तोंड बघायला मिळतं ते वेगळंच.

सुरुवात अलिबागपासून करा. मुंबईला रेल्वेने उतरून गेटवेवरून मांडव्याची लाँच, काही लाँचच्या तिकिटात पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पावसाळ्यात ती बंद राहते, तेव्हा पनवेलवरून एसटी. पुढे रेवदंडा, कोर्लई, मुरूड-जंजिरा, मग आगरदांड्याहून पलीकडे दिघी, बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथून खालचं सगळ्यांनी मिळून लिहू, ज्याने जे बघितलंय त्याने ते सांगा.

पांझराकाठ

भारी शे भो धागा! वाचतोय. पण एक सांगा, मुक्कामाचं काय? मी कॉलेजला आहे, बजेट कमी, ऑनलाइन बघितलं तर समुद्राजवळचे रेट बघूनच मोबाईल खाली ठेवला. आणि गावांच्या गाड्यांच्या वेळा तर कुठेच धड सापडत नाहीत.

मीरा_नंदुरबार

तापीकाठचे दादा, सुरुवातीबद्दल थोडं वेगळं मत आहे. आम्हा नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांना आधी मुंबई गाठायची गरजच नाही. आपली सुरत लाईन आहे ना. सुरतेला उतरलं की समुद्र जवळच, डुमसकडे, आणि आपली तापी जिथे समुद्राला मिळते तेही तिथेच. प्रकाशाला, सारंगखेड्याला जी नदी लहानपणापासून बघितली ती तिथे एवढी रुंद होऊन खाऱ्या पाण्यात जाते हे एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं मला फार वाटतं. तिथून ट्रेननेच खाली या, घोलवड, बोर्डी, डहाणू. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, हिवाळ्यात रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायका दिसतील. मग पालघर, केळवे, आणि मग मुंबई ओलांडून तुमचं अलिबाग. किनारा आपल्या दारातूनच सुरू होतो की.

जुना_कंडक्टर

पांझराकाठ, बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. आयुष्य एसटीत गेलं, नोकरी आपल्याच भागात झाली, पण गणपतीत जादा गाड्या घेऊन आम्हाला कोकणात पाठवायचे तेव्हा तिकडचे डेपो बघितले आणि रिटायर झाल्यावर सौ.ला घेऊन निवांत फिरलो.

मुक्कामी गाडी लक्षात ठेव. आपल्याकडे तिला वस्तीची गाडी म्हणतात. संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजच्या पोरांना, बाजारच्या बायांना घेऊन परत येते. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांना अशी गाडी आहे. तुझा मुक्काम तिच्याबरोबर ठेव. ती ज्या गावात थांबते ते गाव बहुतेक वेळा रस्त्याचा शेवट असतं, पुढे फक्त समुद्र. टुरिस्ट बसून राहतात मोठ्या बीचवर, आणि शेवटच्या गावात घरगुती खोली कमी पैशात मिळते, कारण तिथे रोज कोणी येत नाही. कंडक्टरलाच विचारायचं, दादा, गावात राहायची सोय कोणाकडे होईल, रोजची गाडी असल्याने त्याला घरं माहीत असतात. आणि सकाळची परतीची गाडी तुझ्या डोळ्यासमोर उभी, चुकायचा प्रश्न नाही.

वेळांचं म्हणशील तर इंटरनेटवर लांब पल्ल्याच्या गाड्या सापडतील, गावफेऱ्या नाही सापडणार. त्या डेपोच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात, आणि बोर्ड जुना असला तर चौकशी खिडकीत बसलेला कंट्रोलर सांगतो. त्याला एक प्रश्न नको विचारू, दोन विचार: जायची शेवटची गाडी कोणती, आणि उद्या सकाळी परत पहिली कोणती. आणि तिसरी गोष्ट जी बाहेरच्याला कोणी सांगत नाही, रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत गावफेऱ्या कमी होतात, कारण बऱ्याच फेऱ्या शाळेच्या पोरांच्या जिवावर चालतात. रविवार मोठ्या गावात काढ, अलिबाग, दापोली, रत्नागिरी, मालवण असा. आतल्या खेड्यात रविवारी अडकलास तर रिक्षाला पैसे जातील.

गणपतीत आणि शिमग्याला जाऊ नये. तेव्हा त्या गाड्या चाकरमान्यांच्या आहेत, त्यांचा पहिला हक्क.

पांझराकाठ

काका, हे कुठेच वाचलं नव्हतं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

तापीकाठचा (चोपडा)

काकांनी लाख मोलाचं सांगितलं. आता पुढचा टप्पा लिहितो, कारण माझ्या मते सगळ्या किनाऱ्यात हाच सर्वात सुंदर आहे आणि लोक नेमका हाच गाडीने भुर्रकन पार करतात.

हरिहरेश्वरवरून बागमांडला अगदी जवळ आहे. फेरीने पलीकडे वेसवी, तिथून बाणकोट आणि पुढे वेळास. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, पण आता ओळख कासवांची. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात, पूर्वी ती अंडी चोरीला जायची, २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर पडतात, सकाळी आणि संध्याकाळी अंड्यांवर झाकलेली टोपली उचलून बघतात, असली तर वाळूत सोडतात. राहायचं गावातल्या घरांत, जेवण त्यांच्याच चुलीवरचं. पिल्लं दिसतीलच अशी खात्री कोणी देत नाही, म्हणून हाताशी दोन मुक्काम ठेवा. गाडीवाले एका सकाळीत येऊन हिरमुसून जातात, एसटीवाल्याला घाई नसते.

वेळासहून मंडणगडची एसटी, मग केळशी, आंजर्ले (कड्यावरचा गणपती चुकवू नका, वरून खाडी आणि समुद्र एकत्र दिसतो), हर्णै. हर्णैला मासळीचा लिलाव असतो, आपण मासे खात नसलो तरी बघण्यासारखा, आपल्या मार्केट यार्डात केळीचा नाहीतर कापसाचा भाव फुटतो तेव्हा जी गडबड असते तशीच तिथे बोटींच्या तोंडाशी. समोर सुवर्णदुर्ग.

एक सांभाळा, मुरूड दोन आहेत. एक रायगडातलं मुरूड-जंजिरा आणि दुसरं दापोलीजवळचं मुरूड. पाटीवर नुसतं मुरूड लिहिलेलं दिसलं की कुठलं ते विचारून चढा.

दापोलीहून दाभोळ, जेटीशेजारी जुनी शाही मशीद आहे ती बघून घ्या, बोटीने धोपावे, तिथून गुहागर. गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, बोट, जयगड, मग मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, आणि गणपतीपुळे. पुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जाणारी गाडीच मागा आणि समुद्राच्या बाजूची खिडकी धरा. दक्षिणेकडे जाताना ती उजवीकडे येते.

गिरणाई (चाळीसगाव)

मी एकटी गेले आहे, अलिबाग ते रत्नागिरी असंच तुकड्यातुकड्यात, तर बायका-मुलींसाठी लिहिते. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे हे माहीतच आहे, ते लाल गाडीपासून शिवशाहीपर्यंत चालतं पण फक्त राज्याच्या हद्दीत. बोटीला सवलत नाही. आवडेल तेथे प्रवासचा पास बऱ्याच जणी विचारतात, चार आणि सात दिवसांचा मिळतो, पण अशा लहान लहान टप्प्यांत तो वसूल होत नाही, अर्ध्या तिकिटात तर मुळीच नाही. रोज दोन-तीनशे किलोमीटर कापणार असाल तरच घ्या.

सुरक्षिततेचं म्हणाल तर गावच्या गाडीत मला कधी भीती वाटली नाही, कारण सगळे एकमेकांना ओळखतात आणि नवीन बाई दिसली की शेजारची मावशी पाच मिनिटांत सगळी चौकशी करते, कुठली, कोणाकडे चाललीस, एकटी का. मी सरळ उत्तरं द्यायचे. त्याच मावशा मग आपल्या घरी चहाला नेतात, राहायची सोय सांगतात. मला जपायला लागलं ते मोठ्या बीचवर संध्याकाळनंतर, दारू पिऊन आलेली टोळकी असतात. म्हणून माझा नियम एवढाच, अंधार पडायच्या आत ठिकाणावर. तिकडे एसटी स्टँडवरचे बाथरूम आपल्यासारखेच, तेव्हा निघायच्या आधी मुक्कामाच्या घरीच आटपून घ्यावं.

कपड्यांत जीन्स अजिबात नको. आपली उन्हाची सवय कोरडी, ४४ डिग्रीतही घाम सुकतो. तिकडे ३३ असलं तरी हवेत इतकं पाणी की अंगावरचा कपडा दिवसभर ओला, आणि रात्री धुतलेली जीन्स सकाळी तशीच थबथबलेली. पातळ सुती किंवा पटकन वाळणारे दोन-तीन जोड आणि एक पंचा. सॅक लहानच ठेवा, सीटवरच्या रॅकवर बसेल एवढी.

असोदेकर

आमच्या घरी सगळे शाकाहारी, लेवा पाटील. तिकडे नुसते मासेच असतात म्हणून घरचे निघत नाहीत. आईला तर तिकडचं गोड-गोड जेवण चालणारच नाही असं वाटतं.

गिरणाई (चाळीसगाव)

असोदेकर दादा, खूप ब्राह्मणी खानावळी आहेत, गुहागर, मुरूड, केळशी, आंजर्ले, दिवेआगर सगळीकडे. आदल्या रात्री किंवा सकाळी सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर स्वयंपाक संपलेला असतो. वालाची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळी, घावन, सोलकढी, हे सगळं शाकाहारीच की. भाकरी तांदळाची. तिखट कमी असतं हे खरं, खोबरं जास्त. मी घरून दशम्या आणि शेंगदाणा-लसणाची चटणी नेते, दशम्या दोन दिवस टिकतात आणि चटणी शेवटपर्यंत. एका घरी चटणी ताटात वाढली तर त्या काकूंनी अर्धी मागून घेतली आणि मला कोकमं बांधून दिली.

भुसावळ_जंक्शन

सगळं छान चाललंय पण एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला हवी. आपल्या भागातली पोरं तापीत, गिरणेत, पाटात पोहलेली असतात आणि समुद्र बघून कपडे काढून थेट आत शिरतात. नदीत पोहता येणं म्हणजे समुद्रात पोहता येणं नाही. लाट परत जाते तेव्हा पायाखालची वाळू काढून नेते आणि आत ओढते. गणपतीपुळ्याला दरवर्षी माणसं बुडतात, हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकावरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरून लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत. तिथे पाटी आहे, ती वाचा आणि भरतीच्या वेळी त्या वाटेला जाऊ नका. आमच्या ओळखीतला एक तरणाताठा मुलगा असाच गेला, म्हणून कळकळीने लिहितोय. गुडघाभर पाण्याच्या पुढे नाही, आणि किनाऱ्यावर कोणी कोळी उभा असेल तर त्याला विचारूनच.

मीरा_नंदुरबार

भुसावळ दादा, बरं झालं लिहिलंत. भरती-ओहोटीचा हिशोब आपल्या लोकांना सोप्पा आहे, घरात कालनिर्णय असतंच. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती साधारण भरतीची वेळ, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन-सव्वातीनच्या सुमारास भरती, त्याच्या सहा तास आधी, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही तसंच, प्रतिपदेपासून परत मोजायचं. रोज ती पाऊण तासाने, थोडी जास्तच, पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास आणि तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं, त्याला उधाण म्हणतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं, तिथे हा हिशोब फार कामाचा, पण हा ढोबळ आहे, आत जायच्या आधी किनाऱ्यावर परत यायची वेळ विचारायचीच. पाणी वाढायला लागलं की वाट बघता बघता जाते.

साने_गुरुजींच्या_गावचा (अमळनेर)

मी शिक्षक आहे, एक आग्रहाची विनंती. दापोलीला जाणाऱ्या प्रत्येक खान्देशी माणसाने पालगडला जावं. साने गुरुजी आपले वाटतात, आणि आहेतच, १९२४ ते १९३० ते आमच्या प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, छात्रालयात मुलांची अंथरुणं घालायचे. पण जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. त्यांचं घर जपून ठेवलंय. दापोलीहून एसटी जाते, रस्ता डोंगरातला, आतला, समुद्र नाही. मी आमच्या शाळेतल्या मुलांना तिथे नेलं तेव्हा त्यांना प्रश्न पडला की इतक्या हिरव्या गावातला माणूस आपल्या उन्हाच्या गावात येऊन इतका कसा रमला. त्या प्रश्नावर आमचा पुढचा सगळा प्रवास गेला, परतीच्या गाडीतही मुलं तेच बोलत होती.

धुळेकरांनाही सांगतो, १९३२ मध्ये धुळे जेलमध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं गुरुजींनीच लिहून घेतली. म्हणजे पालगड, अमळनेर आणि धुळे एकाच माणसाने बांधलेली गावं आहेत.

केळीवाला_रावेर

शेतकऱ्यांसाठी जोड देतो. दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ चं, नर्सरी बघण्यासारखी. आणि मुरूड-आंजर्ल्याच्या वाड्यांत एकाच जागेत नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल, मधे जायफळ, खाली केळी, असं मजल्यामजल्याने लावलेलं असतं. आपण सलग केळी लावतो, करपा आला किंवा वादळ आलं की सगळं एकदम जातं. आपल्या जमिनीत आणि उन्हात ते जसंच्या तसं जमणार नाही हे मला कळतं, पण एका वाडीवाल्या आबांशी दोन तास बोललो त्यात मला खूप शिकायला मिळालं. वाडीत जायचं तर आधी हाक मारून विचारा, कोणी नाही म्हणत नाही.

पांझराकाठ

गोव्यापर्यंत असंच जाता येतं का?

तापीकाठचा (चोपडा)

येतं की. रत्नागिरीहून पावस, राजापूरमार्गे विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला होता. रेडीच्या खाली तेरेखोल म्हणजे गोवा, तिथून फेरीबोटीने पलीकडे केरी, मग कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी गाड्या. पुढे कारवार, गोकर्ण, होन्नावर, मुरुडेश्वर, उडुपी असा किनारा तसाच चालू राहतो. गिरणाई ताईंच्या मुद्द्याला जोडून, कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे ती तिथल्या रहिवाशांना, आपल्याला पूर्ण तिकीट.

परतीला मात्र एसटीने उलटं यायचा हट्ट नको. मंगला एक्सप्रेस मडगाव, रत्नागिरीवरून थेट जळगाव, भुसावळला येते. रिझर्वेशन आधी काढून ठेवा, म्हणजे जाताना मोकळं फिरता येतं आणि घरी यायची तारीख पक्की राहते.

असोदेकर

एक शेवटचं. आई ७८ ची आहे. तब्येत चांगली, पण रोज गाव बदलणं जमणार नाही. तिला समुद्र बघायचाय, आजपर्यंत बघितलेला नाही.

जुना_कंडक्टर

मग तिला नक्की न्या भाऊ. ७५ च्या वरच्यांना एसटीत तिकीटच नाही, आधार कार्ड जवळ ठेवा. रोज हलू नका, एकाच गावी चार दिवस राहा. गुहागर घ्या, किनारा लांब आणि सपाट, व्याडेश्वराचं देऊळ आणि स्टँड दोन्ही समुद्रापासून चालत. चिपळूणपर्यंत रेल्वे, तिथून गुहागरच्या गाड्या दिवसभर असतात. पुढच्या दाराजवळची सीट कंडक्टरला सांगून मागा, घाटात मागे धक्के बसतात.

असोदेकर

चिपळूणला स्टेशनहून स्टँड लांब आहे का काका?

जुना_कंडक्टर

थोडं आहे. आईंना घेऊन चालू नका, रिक्षा करा. आणि सकाळच्या गाडीने उतरलात तर दुपारच्या जेवणाला गुहागरात असाल, खानावळीत आदल्या दिवशी फोन करून ठेवा.